पान उलटून पाहा

आमच्या घरात कोळ्याचं जाळं झाडूनं ओढून काढायची पद्धत नव्हती. ईदच्या आधी घराची झाडलोट निघाली की अम्मा आम्हा भावंडांना बजावायची, जाळं काढायचंच असेल तर आधी कोळ्याला बाजूला सरकू द्या. त्यामागं एक कथा होती. पैगंबरसाहेब मक्का सोडून मदिनेला निघाले तेव्हा वाटेत सौर डोंगरातल्या गुहेत थांबले. पाठलाग करणारे गुहेच्या तोंडापर्यंत आले, पण तिथं कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. जाळं अखंड आहे, तेव्हा आत कुणी गेलेलं नसणार, असं समजून ते मागं फिरले. ही कथा ऐकत जो वाढला त्याचा हात कोळ्यावर सहसा उठत नाही.

या सवयीपायी मी एक झाड गमावलं आणि दुसरं गमावता गमावता वाचलं. त्याची हकिकत आज सांगणार आहे. ज्यांच्या घरात खिडकीपाशी दोनचार कुंड्या आहेत त्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली. आम्ही सोलापूरचे. जुन्या घराला अंगण होतं आणि अंगणात अम्माचा देशी गुलाब होता. डालड्याच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला, फिकट गुलाबी, पाकळ्या सुट्या आणि वास असा, की फूल उमललं की ते गल्लीला कळायचं. घर सुटलं, आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. अम्मानं सामानातलं बरंच काही वाटून टाकलं, पण त्या गुलाबाची एक फांदी मात्र कुंडीत रुजवून बरोबर आणली. पुढं तिचं चालणं-फिरणं बंद झालं. दमा तर जुनाच होता. तिची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी टाकली आणि तिला दिसावीत म्हणून कुंड्याही तिथंच ओळीनं मांडल्या. गुलाब, क्रोटन, आरेका पाम आणि एक मनीप्लँट. अम्माचं जग तेवढंच उरलं होतं.

एप्रिलमध्ये क्रोटनच्या पानांचा रंग उतरायला लागला. क्रोटन म्हणजे रंगांचं झाड, पण पानं धुरकट दिसू लागली. मला वाटलं धूळ बसली असेल. मग वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. तरी फरक नाही, तेव्हा खत कमी पडतंय असं ठरवून चिमूटभर युरिया टाकला. एक दिवस शेंड्याशी, दोन पानांच्या बेचक्यात, बारीकसं जाळं दिसलं. मी म्हटलं, चला, कोळी आला, घरातले डास तरी खाईल. ते जाळं मी तसंच राहू दिलं. दोन आठवड्यांत क्रोटनची पानं गळायला लागली.

मग मी दुकानातून कीटकनाशकाची एक बाटली आणली. क्रोटन बाल्कनीत नेऊन फवारलं. चारआठ दिवस बरं वाटलं आणि नंतर जाळी पहिल्यापेक्षा दाट झाली. झाड नुसत्या काड्यांचं उरलं. तोवर गुलाबाच्या पानांवरही पांढुरके ठिपके दिसू लागले होते. बाटली हातात घेऊन मी अम्माच्या खाटेशी उभा होतो. गुलाब बाल्कनीत नेऊन फवारावा तर वाऱ्याबरोबर औषध खोलीत येणार, आणि झाड परत ठेवायचं ते तिच्या उशाशीच. पानांवरचं विष श्वासात जाणार ते तिच्या. अम्मानं एकदा बाटलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. आमच्या घरच्या दखनी बोलीत तिनं एवढंच विचारलं, “पत्ता पलटा के देखा क्या?” म्हणजे, पान उलटून पाहिलंस का?

मी पाहिलं नव्हतं. तीन आठवडे मी पाणी घातलं, खत घातलं, औषध फवारलं, पण पान उलटून पाहिलं नव्हतं.

पान उलटलं तेव्हा मागच्या बाजूला शिरेच्या कडेनं तांबूस, हिरवट धूळ दिसली. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठं केलं, तर ती धूळ चालत होती. मध्येच मोत्यासारखे गोल, चकचकीत बारीक ठिपके होते. ती अंडी. आमच्याच इमारतीत कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, “हा लाल कोळी. द्राक्षबागायतदारांना विचारा, ते सांगतील तुम्हाला याचं चरित्र.”

तर मंडळी, आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ, कारण याचा उपाय याच्या चरित्रातच आहे.

नाव कोळी असलं तरी हा जाळं विणून माश्या पकडणारा आपला घरातला कोळी नव्हे. त्याचा दूरचा नातलग मात्र आहे. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. गोचीड, विंचू, कोळी यांच्या मोठ्या कुळातला हा. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. घरातला कोळी धागा काढतो तो पोटाच्या मागच्या टोकातून, हा काढतो तोंडाजवळून. घरातला कोळी जाळं विणतो शिकारीसाठी, हा विणतो आपली अंडीपिल्ली झाकण्यासाठी आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी. आणि मुख्य म्हणजे घरातला कोळी मांसाहारी, हा पक्का शाकाहारी. पानाच्या पेशीत सुईसारखं तोंड खुपसायचं आणि आतला हिरवा रस शोषायचा, हा याचा उद्योग. एक पेशी रिकामी झाली की तिथं एक फिका ठिपका. असे हजारो ठिपके झाले की पान धुरकट दिसतं, मग पिवळं पडतं, वाळतं, गळतं. मी ज्याला धूळ समजलो होतो ते हे ठिपके होते. डास खाणारा कोळी समजून ज्याला मी अभय दिलं होतं, तो झाडच खात होता.

जगात हजाराहून अधिक जातींच्या झाडांवर हा जगू शकतो. गुलाब, जास्वंद, वांगं, भेंडी, द्राक्ष, त्याला सगळं चालतं. २०११ साली शास्त्रज्ञांनी याचा संपूर्ण जनुकसंच वाचला. झाडं स्वतःच्या रक्षणासाठी जी विषारी द्रव्यं बनवतात ती निकामी करणारी जनुकं याच्यापाशी भरपूर असल्याचं दिसून आलं. तीच तयारी आपल्या औषधांविरुद्धही त्याच्या कामी येते. आजवर नव्वदहून अधिक रासायनिक औषधांना दाद न देणारे कोळी कुठं ना कुठं सापडलेले आहेत.

याची वाढही बघण्यासारखी आहे. तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास असलं की अंड्यापासून पूर्ण वाढीचा कोळी व्हायला आठवडाभर पुरतो. अंडं फुटायला तीनेक दिवस. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, कात टाकल्यावर आठ होतात. एक मादी तिच्या दोनतीन आठवड्यांच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नर भेटला नाही तरी ती अंडी घालतेच. त्यातून सगळे नर निघतात, एवढंच. म्हणजे कपड्याला चिकटून एक मादी घरात आली तरी गोतावळा उभा राहायला वेळ लागत नाही. गरम आणि कोरडी हवा याला फार मानवते. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चपासून मृगापर्यंतचा काळ म्हणजे याची सुगी. पाऊस लागला, हवा ओलसर झाली की जोर ओसरतो. पण ज्या खोलीत दिवसरात्र एअरकंडिशनर चालतो तिथली हवा पावसाळ्यातही कोरडी असते. म्हणून ऑफिसातल्या झाडांना बाराही महिने जपावं लागतं.

आता माझ्या तिन्ही चुका लक्षात येतील. पहिली, धूळ समजून स्वस्थ बसलो. दुसरी, युरिया. नत्र जास्त मिळालेलं झाड कोवळं, रसाळ होतं आणि अशा पानांवर कोळ्याची अंडी वाढतात. मी झाडाला नव्हे, कोळ्यालाच खुराक दिला. तिसरी चूक बाटलीची. कीटकांसाठी बनवलेली पुष्कळ औषधं या आठपायी जिवाला फारशी लागत नाहीत. उलट कोळ्याला खाणारे जे जीव असतात, बारीक काळे ढालकिडे किंवा भक्षक कोळी, ते मात्र मरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर सुरू झाला तेव्हा बागाबागांतून हाच अनुभव आला. आधी किरकोळ असलेली ही कीड पहारेकरी मेल्यावर मोठी झाली. शेतात जे घडलं ते माझ्या बाल्कनीतल्या एका क्रोटनवरही घडलं असावं.

आता उपायाकडं वळतो. हे सगळे उपाय घरात, आजारी माणसाच्या उशाशी करता येण्याजोगे आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला उपाय खात्री करून घेण्याचा. संशय आला की पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक कण थोड्या वेळानं चालू लागले तर तो कोळी. न चालले तर धूळ. एवढी साधी परीक्षा आहे आणि ती आठवड्यातून एकदा करायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा, झाड वेगळं करणं. कीड दिसलेली कुंडी लगेच इतर कुंड्यांपासून लांब ठेवा, पानाला पान लागता कामा नये. फार खराब झालेली पानं कापून पिशवीत घालून गाठ मारून टाका. ती कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. त्या झाडाला हात लावला की दुसऱ्या झाडाला लावण्याआधी हात धुवा. कात्री पण धुवा.

तिसरा उपाय पाण्याचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा हाच. कुंडीचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीनं बांधून घ्या म्हणजे माती सांडणार नाही. कुंडी न्हाणीघरात न्या, आडवी करा आणि पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याची धार सोडा. धार पान फाटेल इतकी जोराची नको, पण जाळं तुटून कोळी वाहून जाईल इतकी हवी. रबरप्लँटसारखी मोठी पानं असतील तर ओल्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसून काढा. नुसतं वरून पाणी शिंपडून उपयोग नाही, कारण कोळी वर नसतोच. या एका आंघोळीत निम्म्याहून जास्त लढाई होते असं मी अनुभवानं सांगतो.

चौथा उपाय साबणाचा. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, सौम्य पातळ साबण. झाडांसाठी म्हणून पोटॅशियमचा मऊ साबण मिळतो, तो सगळ्यांत चांगला. कपडे धुवायची पावडर मात्र मुळीच नको, तिनं पानं करपतात. साबणाचं पाणी कोळ्याच्या अंगाला लागलं तरच तो मरतो आणि ते ओलं असेपर्यंतच काम करतं. वाळलं की संपलं. म्हणून पानाची मागची बाजू निथळेपर्यंत भिजवायची आणि दोन तासांनी साध्या पाण्यानं धुवायची. इथं आम्हा सोलापूरकरांसाठी एक सूचना. बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, वर साय धरते आणि साबणाचा गुण तिथंच जातो. तेव्हा फवारणीपुरतं फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. माझे पहिले दोन दिवस या जड पाण्यात वाया गेले.

पाचवा उपाय कडुनिंबाचा. आपल्याकडं धान्याच्या कणगीत आणि कपड्यांच्या पेटीत निंबाचा पाला घालायची चाल जुनीच आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. हाइनरिश श्मुटेरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं, की टोळांनी सगळी झाडं ओरबाडली पण निंब सोडला. १९६८ साली निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते किडीची भूक मारतं, कात टाकण्यात अडथळा आणतं. कोळ्याच्या बाबतीत मात्र त्याहून मोठं काम निंबाचं तेलच करतं. तेलाचा पातळ थर कोळ्यावर आणि त्याच्या अंड्यावर बसतो, श्वास कोंडतो. अंड्यावर चालणारं घरगुती औषध म्हणून हे तेल मोलाचं.

कृती अशी. पाच मिलिलिटर घाण्याचं निंबतेल आधी एक-दोन मिलिलिटर पातळ साबणात नीट घोटायचं, कारण तेल पाण्यात आपण होऊन मिसळत नाही. मग त्यात थोडं थोडं करून एक लिटर कोमट पाणी घालायचं. दुधासारखं दिसलं म्हणजे जमलं. फवारताना बाटली मधूनमधून हलवत राहायची. तयार केलेलं त्याच दिवशी वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. तेल लागलेल्या पानावर ऊन पडलं तर पान भाजतं. नेचे आणि लवदार, नाजूक पानांची झाडं तेल-साबण सोसत नाहीत. म्हणून कुठल्याही झाडावर आधी एकच पान भिजवून दोन दिवस वाट बघायची. तेलाचा वास उग्र असतो. अम्माला त्रास नको म्हणून मी फवारलेली कुंडी रात्रभर बाल्कनीत ठेवायचो आणि सकाळी आत आणायचो.

तेल विकत घ्यायचं नसेल तर निंबोळी अर्क. जूनच्या आसपास निंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून ठेवाव्यात. वाळलेल्या पन्नास ग्रॅम बिया जाडसर कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायच्या, वर चिमूटभर साबण. शेतकरी ज्याला पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात तो हाच.

आता काय करू नये तेही सांगतो, कारण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असा आपला एक समज असतो. मला कुणीतरी तंबाखूचं पाणी सुचवलं होतं. तंबाखूतलं निकोटिन हे जहाल विष आहे, ते कातडीतूनसुद्धा अंगात भिनतं. घरात, आजारी माणसाजवळ, मुलांच्या हाताशी ते नकोच. मिरची-लसणाचा अर्क बंद खोलीत फवारला तर किडीआधी आपणच खोकून बेजार होतो. दम्याच्या माणसाला तर तो शिक्षाच. चुलीची राख पानांवर टाकायची जुनी रीत आहे, पण धूळ बसलेलं पान कोळ्याला सोयीचंच पडतं, तेव्हा या किडीसाठी राख नको. आंबट ताकाचे प्रयोगही लोक करतात. माझ्या घरी त्यानं खोलीभर आंबूस वास आणि माश्या झाल्या. एकूण काय, औषध वनस्पतीचं असो वा कारखान्यातलं, ते कुणाच्या उशाशी फवारतोय हा प्रश्न आधी विचारावा.

सहावा उपाय हवेचा. झाडं एअरकंडिशनरच्या झोतात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या काचेशी ठेवू नका. आमच्याकडं उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावतात, त्यावर दुपारी पाणी मारतात. पाण्याचा कूलरही चालतो. यानं माणसाला बरं वाटतं आणि झाडालाही. कुंड्या एकमेकींना न टेकवता पण जवळजवळ ठेवल्या की त्यांच्यातली हवा थोडी ओलसर राहते. झाडाला वेळेवर पाणी द्या. तहानलेल्या झाडाला कोळी जास्त भोवतो. पण ओलाव्यानं कोळी मरत नाही, त्याचा वेग फक्त कमी होतो. तेव्हा आंघोळीला पर्याय नाही.

आणि सातवी गोष्ट, जी उपाय म्हणून सांगितली जात नाही पण जिच्यावाचून बाकीचे सहा फुकट जातात. ती म्हणजे पुन्हा करणं.

आपण एकदा फवारतो, दुसऱ्या दिवशी कोळी दिसत नाहीत, आपण खूश होतो. पण पाण्याची धार कितीही मारली तरी काही अंडी शिरेला चिकटून राहतात, साबण अंड्याला फारसा लागत नाही आणि तेलही प्रत्येक अंड्यापर्यंत पोचत नाही. तीन दिवसांनी ती फुटतात. आठव्या दिवशी त्यातली मादी स्वतः अंडी घालायला तयार. म्हणून ती वयात यायच्या आत आपण पुन्हा हजर व्हायचं. उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी, निदान तीन आठवडे. पहिला दिवस, पाचवा, दहावा, पंधरावा, विसावा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांभोवती गोल केले होते. अम्मा अंथरुणावरून आठवण करायची. औषधाची वेळ मी तिला सांगायचो, गुलाबाची वेळ ती मला.

दहाव्या दिवशी मी कंटाळलो होतो. पानं कागदावर झटकली, काही पडलं नाही. म्हटलं, झालं आता. तेव्हा ते निवृत्त गृहस्थ म्हणाले, “शेतकऱ्याचंही इथंच चुकतं. कीड दिसेनाशी झाली की तो थांबतो, पण कीड थांबत नाही.” मी पंधरावा दिवस केला. त्या दिवशी कागदावर चार कण चालताना दिसले. विसावा केला. एकही नव्हता. तरी पंचविसावाही केला.

क्रोटन गेलं. आरेका पामची बाहेरची पानं कापावी लागली, ती पुढं नवी आली. मनीप्लँटला झळ लागलीच नाही. गुलाब वीतभर ठेवून छाटला होता. जुलैत त्याला तांबडी कोवळी पालवी फुटली आणि ऑगस्टात एक फूल आलं. अम्मानं ते खुडू दिलं नाही. खाटेवरून दिसत होतं, तेवढं तिला पुरे होतं. त्याच हिवाळ्यात ती गेली.

या विषयात मोठमोठ्या गोष्टीही आहेत. युरोपातल्या काचघरांत या कोळ्यावर सोडतात तो एक भक्षक कोळीच असतो. तो १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर नकळत पोचला आणि पुढं बागायतदारांचा मित्र ठरला. निसर्गात प्रत्येकाला खाणारा कुणीतरी असतो. आपण विष मारलं नाही तर आपल्या बाल्कनीतही असे मित्र येतात. पण चार कुंड्यांच्या संसाराला इतकं लांब जायची गरज नाही. पाणी, साबण, निंब आणि कॅलेंडर एवढ्यावर भागतं.

एक पथ्य मात्र मी तेव्हापासून कसोशीनं पाळतो. नवं झाड घरात आलं, मग ते नर्सरीतून विकत आणलेलं असो की कुणी प्रेमानं दिलेलं, ते दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळं राहतं. रोज त्याचं एखादं पान उलटून पाहतो. अम्माच्या गुलाबाच्या फांद्या आता सहा घरांत रुजल्या आहेत. फांदी देताना मी हेच सांगतो, की आधी वेगळी ठेवा, माझ्याकडून आली म्हणून विश्वास टाकू नका.

भिंतीवरच्या कोळ्याला मी आजही हात लावत नाही. तो आपल्या कोपऱ्यात असतो, डास-माश्या खातो. पण जाळं झाडाच्या शेंड्याशी दिसलं की आता पान उलटतो. आज हे ऐकून झाल्यावर तुम्हीही खिडकीतल्या झाडाचं एक पान उलटून पाहा. काही नसलं तर उत्तम. काही दिसलं तर घाबरू नका, न्हाणीघरात न्या, पाण्याची धार सोडा आणि पाचव्या दिवसाभोवती कॅलेंडरवर एक गोल करून ठेवा.